एका अक्षराचा फरक : सारखे दिसणारे इंग्रजी शब्द आणि त्यांचे अर्थ



मराठी माध्यमाच्या शाळेतून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेली मुले महाविद्यालयात जातात आणि पहिल्या काही आठवड्यांतच गप्प होतात. गणित येत असते, विज्ञान समजत असते, पण इंग्रजी आडवे येते. वर्गात प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही. अर्ज भरताना हात अडखळतो. मग हळूहळू मनात बसते की आपली बुद्धीच कमी. हे अगदी चुकीचे आहे. इंग्रजी स्पेलिंग हा बुद्धीचा प्रश्न नसून सवयीचा आणि नीट माहितीचा प्रश्न आहे, आणि ती माहिती कोणालाही मिळवता येते. हे सांगण्यासाठीच आम्ही हा लेख लिहीत आहोत.

इंग्रजीत असे पुष्कळ शब्द आहेत की जे एकमेकांसारखे दिसतात किंवा एकमेकांसारखे ऐकू येतात. फरक असतो तो एखाद्या अक्षराचा. पण त्या अक्षराने अर्थ पार बदलून जातो. बाजारातल्या पुस्तकांत अशा शब्दांच्या लांबलचक याद्या असतात. त्या पाठ होतात आणि परीक्षा संपताच विसरल्या जातात. म्हणून येथे आम्ही यादी न देता, आपल्या रोजच्या कामात येणारे निवडक शब्द घेतले आहेत : अर्ज, दाखले, बँक, तक्रार, संविधान आणि धम्मग्रंथ यांत येणारे.

एक सूचना. लेखात इंग्रजी अक्षरांची नावे मराठीत दिली आहेत. 'ए' म्हणजे इंग्रजीचे पहिले अक्षर, 'ई' म्हणजे पाचवे आणि 'आय' म्हणजे नववे, एवढे ध्यानात ठेवावे. वही आणि पेन्सिल घेऊन बसावे आणि प्रत्येक शब्द इंग्रजीत लिहून पाहावा. नुसते वाचून हा विषय येत नाही.

१. हा प्रकार मराठीतही आहे

अक्षराने अर्थ बदलणे ही काही इंग्रजीचीच खोड नव्हे. मराठीत 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, लाचार. म्हणूनच 'दीनदलित' हा शब्द दीर्घ ईकाराने लिहावयाचा असतो. 'सुत' म्हणजे मुलगा, 'सूत' म्हणजे धागा. 'शिर' म्हणजे डोके, 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी. पालीत 'कम्म' म्हणजे कृती आणि 'काम' म्हणजे वासना, इच्छा. या दोन शब्दांची गल्लत केली तर बुद्धाच्या शिकवणीचा अर्थच उलटासुलटा होईल.

आपण 'दीन' आणि 'दिन' यांत घोटाळा न करण्याचे शिकलो, तसेच इंग्रजीतही शिकता येईल. अडचण एवढीच की देवनागरीत फरक ऱ्हस्व-दीर्घाने किंवा जोडाक्षराने उघड दिसतो. इंग्रजीत तो पुष्कळदा उच्चारात अजिबात उतरत नाही. 'प्रिन्सिपल' असे मराठीत लिहिले की त्यामागे दोन वेगळे इंग्रजी शब्द असू शकतात, हे आपल्या लक्षातही येत नाही.

२. असे का झाले?

इंग्रजीत 'राइट' या एका उच्चाराचे तीन शब्द सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यांवरून कारण समजते.

पहिला राइट : आर-आय-जी-एच-टी. अर्थ हक्क, योग्य, उजवा. दुसरा राइट : डब्ल्यू-आर-आय-टी-ई. अर्थ लिहिणे. तिसरा राइट : आर-आय-टी-ई. अर्थ धार्मिक विधी, संस्कार.

पहिले दोन शब्द जुन्या इंग्रजीतले आहेत. त्या काळी लिहिणे या अर्थाच्या शब्दातला 'डब्ल्यू' खरोखर उच्चारला जात असे आणि हक्क या अर्थाच्या शब्दातला 'जीएच'देखील घशातून उच्चारला जात असे. तिसरा शब्द लॅटिनमधून आला. म्हणजे हे तीन शब्द एकेकाळी कानालाही वेगळे होते. १४७६ साली विल्यम कॅक्स्टन याने इंग्लंडमध्ये छापखाना आणला. छापील पुस्तके वाढली तशी स्पेलिंगे हळूहळू ठरत गेली. १७५५ साली सॅम्युअल जॉन्सनचा मोठा शब्दकोश निघाला आणि त्यांना आणखी स्थैर्य आले. पण बोलण्यातला उच्चार काही थांबला नाही, तो बदलत राहिला. परिणामी लिखाण जुन्या काळचे आणि उच्चार नव्या काळचा, अशी इंग्रजीची स्थिती झाली.

आता अर्थ पाहा. अष्टांगिक मार्गातील 'सम्यक' या शब्दासाठी इंग्रजी पुस्तकांत बहुधा पहिला राइट वापरतात. सम्यक दृष्टी, सम्यक वाचा या ठिकाणी त्याचा अर्थ 'उजवा' नव्हे, तर 'योग्य, यथार्थ' असा होतो. संविधानातील मूलभूत हक्कांसाठीही हाच शब्द आहे. विवाहविधी किंवा अंत्यविधी यांसाठी मात्र तिसरा राइट. विधींच्या हक्काविषयी लिहावयाचे असेल तर एकाच वाक्यात दोन्ही राइट येतील आणि दोन्हींचे स्पेलिंग वेगळे असेल.

३. शेवटच्या 'ई'ची करामत

काही शब्दांत शेवटी एक 'ई' लागला की अर्थ बदलतो. यातील पहिली जोडी आपल्या फार जवळची आहे.

सी-ए-एस-टी, कास्ट : टाकणे, ओतणे. साच्यात धातू ओतणे, मत टाकणे, तसेच नाटक-चित्रपटातील कलाकारांचा संच, हे सगळे अर्थ या शब्दाचे. सी-ए-एस-टी-ई, कास्ट : जात. हा शब्द पोर्तुगीजांच्या 'कास्ता' या शब्दावरून आला. त्याचा अर्थ वंश किंवा कूळ. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी वाचलेल्या निबंधाच्या नावात आणि १९३६ सालच्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथाच्या नावात हाच 'ई'चा शब्द आहे. तरीही झेरॉक्सच्या दुकानांच्या पाट्यांवर आणि हस्तलिखित अर्जांवर जातीच्या दाखल्यासाठी 'ई' नसलेला शब्द हमखास दिसतो. जातीच्या दाखल्याचा अर्ज करताना 'ओतकामाचा दाखला' मागू नये, एवढी काळजी आपण घेतलीच पाहिजे.

एच-यू-एम-ए-एन, ह्यूमन : माणसाचा, मानवी. शेवटी 'ई' लावला की ह्यूमेन : दयाळू, माणुसकीचा. माणूस जन्माने ह्यूमन असतो, ह्यूमेन त्याला वागणुकीने व्हावे लागते.

एम-ओ-आर-ए-एल, मॉरल : नैतिक, किंवा गोष्टीचे तात्पर्य. 'ई' लावला की मोराल : मनोधैर्य. 'खेळाडूंचे मनोधैर्य खचले' असे लिहावयाचे असेल आणि 'ई' राहिला, तर त्यांची नीतीच ढासळली असा भलताच अर्थ निघेल.

बी-आर-ई-ए-टी-एच, ब्रेथ : श्वास, हे नाम. 'ई' लावला की ब्रीद : श्वास घेणे, हे क्रियापद. आनापानसतीवरील इंग्रजी पुस्तके वाचणाऱ्यांना ही जोडी पानोपानी भेटेल. 'क्लॉथ' म्हणजे कापड आणि 'ई' लावलेला 'क्लोद' म्हणजे कपडे घालणे, ही जोडीही याच चालीची.

४. एक अक्षर की दोन?

काही ठिकाणी एकच अक्षर एकदा येते की दोनदा, यावर सगळे अवलंबून असते.

सर्वांत आधी 'बुद्ध' हा शब्द. त्याचे स्पेलिंग बी-यू-डी-डी-एच-ए. मध्ये दोन 'डी' आहेत, कारण देवनागरीत 'द्ध' हे जोडाक्षर आहे. एक 'डी' गाळला तर तो 'बुध' होतो, म्हणजे बुध ग्रह किंवा बुधवारचा बुध. विहाराची कमान, लेटरहेड, निमंत्रणपत्रिका आणि देणगीची पावती छापावयास देण्यापूर्वी हे दोन 'डी' मोजून घ्यावेत. संस्थेच्या सभासदांना आमची ही खास विनंती आहे.

सी-ए-एन-ओ-एन, कॅनन : प्रमाण मानलेला ग्रंथसंग्रह. त्रिपिटकाला इंग्रजीत 'पाली कॅनन' म्हणतात. मध्ये दोन 'एन' लिहिले की त्याच उच्चाराचा शब्द तयार होतो आणि त्याचा अर्थ होतो तोफ! अहिंसेचा उपदेश करणाऱ्या ग्रंथाला तोफ म्हणण्याइतका मोठा विनोद दुसरा नाही.

एल-ओ-एस-ई, लूझ : गमावणे, हरणे. मध्ये दोन 'ओ' आले की लूस : सैल, ढिले. 'संधी गमावू नका' असे लिहिताना एकच 'ओ' हवा.

एल-ए-टी-ई-आर, लेटर : नंतर. दोन 'टी' आले की लॅटर : दोहोंपैकी दुसरा. पत्र या अर्थाचा लेटर त्याहून वेगळा, त्यात 'एल'नंतर 'ई' येतो.

डी-ई-एस-ई-आर-टी, डेझर्ट : वाळवंट. तेच स्पेलिंग 'डिझर्ट' असे उच्चारले की सोडून जाणे. दोन 'एस' असलेला डिझर्ट म्हणजे जेवणानंतरचा गोड पदार्थ. गोड पदार्थ पुन्हा मागावासा वाटतो म्हणून त्यात 'एस' पुन्हा येतो, अशी खूण करून ठेवावी.

५. उच्चार तोच, शब्द वेगळा

प्रिन्सिपल. शेवटी पी-ए-एल असेल तर मुख्य, प्राचार्य किंवा कर्जाचे मुद्दल. शेवटी पी-एल-ई असेल तर तत्त्व. १९३५ साली बाबासाहेब मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, तेथे पी-ए-एल. संविधानाच्या चौथ्या भागातील मार्गदर्शक तत्त्वे, तेथे पी-एल-ई. दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हितसंबंधांची विशेष काळजी राज्याने घ्यावी असे सांगणारे ४६ वे कलम याच भागात आहे. बँकेच्या कर्जाच्या कागदावर हा शब्द दिसला तर तो मुद्दलाविषयी आहे हे ओळखावे. व्याज त्याहून वेगळे मांडलेले असते. शैक्षणिक कर्ज घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा शब्द पक्का केल्याशिवाय सही करू नये.

कौन्सिल आणि कौन्सेल. सी-ओ-यू-एन-सी-आय-एल म्हणजे मंडळ, परिषद. बाबासाहेब १९२७ पासून मुंबईच्या लेजिस्लेटिव्ह कौन्सिलचे सभासद होते, आणि १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या एक्झिक्युटिव्ह कौन्सिलमध्ये मजूर खाते सांभाळत होते. सी-ओ-यू-एन-एस-ई-एल म्हणजे सल्ला, तसेच न्यायालयात बाजू मांडणारा वकील. प्रवेशाच्या वेळी जे 'कौन्सेलिंग' असते ते या दुसऱ्या शब्दावरून. नगरसेवक पहिल्या शब्दावरून, समुपदेशक दुसऱ्यावरून.

स्टेशनरी. शेवटी ए-आर-वाय असेल तर स्थिर, न हलणारा. ई-आर-वाय असेल तर कागद, पेन वगैरे लेखनसाहित्य. पाकिटाला इंग्रजीत एन्व्हलप म्हणतात आणि त्याची सुरुवात 'ई'ने होते. पाकीट लेखनसाहित्यात मोडते, म्हणून तेथे 'ई'.

कॉम्प्लिमेंट. मध्ये पी-एल-आय असेल तर प्रशंसा. पी-एल-ई असेल तर पूरक असणे, पूर्ण करणे. पूर्ण या अर्थाच्या 'कम्प्लीट' या शब्दातही पी-एल-ई आहे, हे ध्यानात ठेवले की चूक होत नाही. प्रज्ञा आणि करुणा एकमेकींना पूरक आहेत असे म्हणताना पी-एल-ई.

साइट, साइट आणि साइट. एस-आय-टी-ई म्हणजे जागा, एस-आय-जी-एच-टी म्हणजे दृष्टी, सी-आय-टी-ई म्हणजे दाखला देणे. अजिंठा ही पहिली साइट, तिचे दर्शन ही दुसरी आणि लेखात तिचा उल्लेख करणे ही तिसरी.

६. नाम आणि क्रियापद

काही जोड्यांत अर्थ जवळचा असतो, पण एक शब्द नाम असतो आणि दुसरा क्रियापद.

ॲडव्हाइस, शेवटी सी-ई : सल्ला. ॲडव्हाइझ, शेवटी एस-ई : सल्ला देणे. डिव्हाइस, सी-ई : साधन, उपकरण. डिव्हाइझ, एस-ई : युक्ती शोधणे, आखणे. या दोन जोड्यांत उच्चारच फरक सांगतो. मग त्यांच्याच आधाराने बाकीच्या लक्षात ठेवाव्यात : 'सी' आला की नाम, 'एस' आला की क्रियापद. प्रॅक्टिस आणि लायसन्स या शब्दांत दोन्ही उच्चार सारखेच आहेत, पण ब्रिटिश पद्धतीत नियम हाच. अमेरिकन पद्धतीत प्रॅक्टिस दोन्ही अर्थी 'सी'ने आणि लायसन्स दोन्ही अर्थी 'एस'ने लिहितात. त्यामुळे अमेरिकन पुस्तकात वेगळे दिसले तर ती छपाईची चूक समजू नये. आपण एक पद्धत धरावी आणि ती शेवटपर्यंत पाळावी.

अफेक्ट, सुरुवातीला 'ए' : परिणाम करणे. इफेक्ट, सुरुवातीला 'ई' : परिणाम. सरकारी आदेशांत 'अमुक तारखेपासून अंमलात' या अर्थाने जो शब्दप्रयोग येतो त्यात 'ई'चा इफेक्ट असतो. दुष्काळाने शेतीवर परिणाम केला, येथे 'ए'. दुष्काळाचा परिणाम वाईट झाला, येथे 'ई'.

ॲक्सेप्ट, सुरुवातीला ए-सी-सी : स्वीकारणे. एक्सेप्ट, सुरुवातीला ई-एक्स-सी : वगळून, खेरीज. 'सर्व अटी मान्य आहेत' हे लिहिण्याऐवजी 'सर्व अटी वगळून' असे लिहिले गेले, तर त्या सहीला काय अर्थ राहिला?

७. थोडक्या फरकाचे मोठे शब्द

आता जे शब्द आम्ही देत आहोत ते विशेष लक्ष देऊन वाचावेत. त्यांतील फरक केवळ व्याकरणाचा नाही.

स्टॅच्यू, स्टॅच्यूट, स्टेटस आणि स्टेचर. या चारही शब्दांची पहिली पाच अक्षरे एकच आहेत : एस-टी-ए-टी-यू. पुढे नुसता 'ई' आला तर स्टॅच्यू म्हणजे पुतळा. टी-ई आले तर स्टॅच्यूट म्हणजे संसदेने किंवा विधिमंडळाने केलेला कायदा. 'एस' आला तर स्टेटस म्हणजे दर्जा. आर-ई आले तर स्टेचर म्हणजे उंची, योग्यता. या सर्वांचे मूळ लॅटिनमध्ये 'उभे असणे, उभे करणे' या अर्थाच्या शब्दांत आहे. गावोगावी आपण बाबासाहेबांचा पुतळा उभा केला आणि त्या पुतळ्याच्या हातात बहुधा संविधानाचा ग्रंथ असतो. संविधान हा सर्व स्टॅच्यूटांच्या वरचा मूलभूत कायदा. त्याच्या उद्देशिकेत दर्जाची समानता आहे, तेथे स्टेटस हा शब्द आहे. पुतळ्याला हार घालणाऱ्याने त्याच्या हातातील ग्रंथ वाचावा, म्हणजे चारही शब्दांचे अर्थ आपोआप समजतील.

प्रॉसिक्यूट आणि पर्सिक्यूट. पी-आर-ओ ने सुरू होणारा प्रॉसिक्यूट म्हणजे खटला चालवणे. पी-ई-आर ने सुरू होणारा पर्सिक्यूट म्हणजे छळ करणे. दोघांचे मूळ 'पाठलाग करणे' असेच आहे. पण एकात कायदा गुन्हेगाराच्या मागे लागतो आणि दुसऱ्यात बलवान दुबळ्याच्या मागे लागतो. १९८९ च्या अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात खटला चालवण्यासाठी विशेष सरकारी वकिलाची तरतूद आहे. तो 'पब्लिक प्रॉसिक्यूटर'. इंग्रजीत तक्रार लिहिताना 'आमचा छळ झाला' हे सांगावयाचे आहे की 'आमच्यावर खटला झाला' हे, याचा घोळ होता कामा नये. वाचणारा अधिकारी शब्दच पाहणार, आपल्या मनातील अर्थ त्याला दिसणार नाही.

एलिजिबल आणि इलेजिबल. ई-एल-आय ने सुरू होणारा पहिला म्हणजे पात्र. आय-एल-एल ने सुरू होणारा दुसरा म्हणजे वाचता न येण्याजोगा. शिष्यवृत्तीसाठी विद्यार्थी पात्र असतो, पण त्याची कागदपत्रे वाचता येत नाहीत म्हणून अर्ज परत येऊ शकतो. अर्जाच्या शेऱ्यात या दोहोंपैकी कोणता शब्द आहे ते नीट पाहावे. एकात आनंद आहे, दुसऱ्यात दाखल्याची स्पष्ट प्रत पुन्हा जोडण्याचे काम आहे. निराश होण्याचे कारण दोन्हींत नाही.

मेडिटेशन, मीडिएशन आणि मेडिकेशन. मध्ये 'टी' असेल तर ध्यान. 'टी' नसेल तर मध्यस्थी. भांडणातील दोन पक्षांना एकत्र बसवून तडजोड घडवणे ती ही. 'टी'च्या जागी 'सी' असेल तर औषधोपचार. न्यायालयातून 'मीडिएशन'साठी बोलावणे आले तर ते ध्यानाचे शिबिर नव्हे!

अडॉप्ट, अडॅप्ट आणि अडेप्ट. मध्ये 'ओ' : स्वीकारणे, दत्तक घेणे. मध्ये 'ए' : जुळवून घेणे. मध्ये 'ई' : निष्णात. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेने संविधान स्वीकारले, तेथे 'ओ'चा शब्द आहे. आपण ते जुळवून घेतलेले नाही, आपलेसे केलेले आहे.

कॉन्शन्स आणि कॉन्शस. सी-ओ-एन पुढे 'सायन्स' या शब्दाचे स्पेलिंग जोडले की कॉन्शन्स : सदसद्विवेकबुद्धी. शेवटी आय-ओ-यू-एस असेल तर कॉन्शस : जागृत, जाणीव असलेला. संविधानाच्या २५ व्या कलमात सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आहे, तो पहिला शब्द. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी धम्म स्वीकारला तो याच स्वातंत्र्याचा वापर करून.

सेन्सस, सेन्सॉर आणि सेन्शर. पहिला जनगणना, दुसरा चित्रपट वा मजकूर तपासणारा, तिसरा निंदा किंवा ठपका. प्राचीन रोममध्ये लोकांची गणना करणारा आणि नीतिमत्तेवर नजर ठेवणारा अधिकारी एकच होता, त्यावरून हे शब्द आले. १९५१ च्या सेन्ससमध्ये देशात बौद्धांची नोंद सुमारे १ लाख ८० हजार होती. १९६१ मध्ये ती साडेबत्तीस लाखांच्या घरात गेली. धर्माच्या रकान्यात काय लिहिले जाते याला किती महत्त्व आहे, हे या आकड्यांवरून कळते.

शेवटी एक वेगळा प्रकार. स्पेलिंग तेच, पण अर्थ दोन. एम-आय-एन-यू-टी-ई याचा उच्चार 'मिनिट' केला तर वेळेचे मिनिट आणि 'मायन्यूट' केला तर अतिसूक्ष्म. अनेकवचनी 'मिनिट्स' म्हणजे सभेचे इतिवृत्तही होते. संस्थेच्या 'मिनिट्स बुक'चा घड्याळाशी संबंध नाही, हे नव्या कार्यकर्त्यांनी समजून घ्यावे.

८. अभ्यास कसा करावा?

पहिली गोष्ट, शब्द जोडीने पाठ करू नयेत. दोन्ही शब्द एकदम घोकले की कोणता कशासाठी याचाच गोंधळ होतो. आधी एक शब्द त्याच्या वाक्यासह पक्का करावा. चार दिवसांनी दुसरा घ्यावा.

दुसरी गोष्ट, शब्दाचे कूळ पाहावे. 'कम्प्लीट' माहीत असला की पूरक या अर्थाचा शब्द चुकत नाही. 'सायन्स' येत असले की विवेकबुद्धीचा शब्द सोपा होतो.

तिसरी गोष्ट, मोबाईल किंवा संगणकाच्या स्पेलिंग तपासणीवर विसंबू नये. जेथे शब्दच अस्तित्वात नाही तेथे ती यंत्रणा लगेच खूण करते. पण जातीऐवजी ओतकामाचा शब्द लिहिला तर दोन्ही शब्द शुद्ध असल्याने चूक तिच्या नजरेतून सुटू शकते. आपल्याला काय म्हणावयाचे आहे, हे शेवटी आपणच पाहावे लागते.

चौथी गोष्ट, शब्दकोश जवळ ठेवावा आणि शंका आली की तो उघडण्यात कमीपणा मानू नये. बाबासाहेबांनी स्वतः पाली शब्दकोश आणि पाली व्याकरण तयार केले. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या मालेतील १६ व्या खंडात ते १९९८ साली प्रसिद्ध केले. एवढा मोठा विद्वान, राजकारणाचा आणि कायद्याचा एवढा व्याप, आणि तरीही एकेक शब्द घेऊन त्याचा अर्थ लिहीत बसला. यापरते शब्दाभ्यासाचे महत्त्व आम्ही काय सांगावे?

९. स्वाध्याय

पुढील वाक्यांत कोणता शब्द येईल ते आधी वहीत लिहावे आणि मग उत्तरे पाहावीत.

१) जातीचा दाखला : शेवटी 'ई' की 'ई'शिवाय?
२) कर्जाचे मुद्दल : शेवटी पी-ए-एल की पी-एल-ई?
३) वकिलाचा सल्ला घेतला, 'ॲडव्हाइस' : सी-ई की एस-ई?
४) त्रिपिटक : एक 'एन' की मधोमध दोन?
५) आरोपींवर खटला चालवा : पी-आर-ओ की पी-ई-आर?
६) महागाईचा परिणाम : 'ए' की 'ई'?
७) मी या जागेसाठी पात्र आहे : ई-एल-आय की आय-एल-एल?
८) विहारातील ध्यान : 'टी'सह की 'टी'शिवाय?

उत्तरे : १) 'ई' हवा. २) पी-ए-एल. ३) सी-ई. ४) एक. ५) पी-आर-ओ. ६) 'ई'. ७) ई-एल-आय. ८) 'टी'सह.

आठही उत्तरे बरोबर आली तर उत्तम. चार आली तरी हरकत नाही. आठवड्याने पुन्हा सोडवावीत.

जाता जाता पालकांना आणि संस्थेच्या ज्येष्ठ सभासदांना दोन शब्द. मुलाचे इंग्रजी चुकले तर चारचौघांत हसू नये. हसल्याने मूल गप्प होते, आणि गप्प झालेल्या मुलाची चूक पुढे कोणालाच दिसत नाही. चूक दाखवावी, योग्य अक्षर लिहून द्यावे आणि त्याच्याकडून एक वाक्य करून घ्यावे. घरात ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनी मुलाला रोज एक शब्द आणि त्याचा मराठी अर्थ मोठ्याने वाचावयास सांगावे. एवढे केले तरी पुष्कळ झाले.

भाषा कोणाच्या मालकीची नसते. जो तिचा अभ्यास करतो त्याची ती होते. आपल्या आजोबा-पणजोबांना अक्षरापासून दूर ठेवले गेले. आज अक्षर आपल्या हातात आले आहे, तर ते अचूक लिहिण्याची जबाबदारीही आपलीच आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!